शेताकडे पाठ करून : मेहरूणकाठच्या प्रकल्प नोंदी

१२ फेब्रुवारी, बुधवार

नऊ जणांची यादी आज पक्की झाली. समुपदेशनाचं काम करून मला चौदा वर्षं झाली, तरी या वेळी धाकधूक जास्त आहे. आजवर माणसं माझ्या खोलीत यायची. आता मी त्यांना खोलीबाहेर नेणार, आणि बाहेर माझ्या हातात काहीच नसतं.

हे सुचलं गेल्या मे महिन्यात. एका दिवसात सात जणांचं ऐकलं होतं. उन्हामुळे दारं-खिडक्या बंद, कूलरची घरघर, आणि समोरच्याचं बोलणं संपलं तरी माझ्या डोक्यात ते चालूच. घरी न जाता जळगावच्या मेहरूण तलावावर गेले आणि काठावरच्या एका दगडावर बसले. केलं काहीच नाही. टिटवी ओरडत होती, पाण्यावरून वारा येत होता, तोही गरमच. उठले तेव्हा अंधार पडला होता. त्या रात्री कितीतरी दिवसांनी सलग झोप लागली. एका बाईच्या एका रात्रीवरून काही ठरत नाही, म्हणून हा प्रकल्प : नऊ जणांना तलावाकाठी, झाडापाण्यात नेऊन ताण हलका होतो का ते बघायचं.

नावं लिहायची नाहीत असं सगळ्यांशी ठरलंय. एकमेकांना हाक मारतो तसंच इथे लिहीन. आप्पा : गिरणा नदीकाठी शेती, केळी आणि कपाशी. सिस्टर : दवाखान्यात रात्रपाळी. मास्तर : एसटीत कंडक्टर. पोरगा : स्पर्धा परीक्षेचं चौथं वर्ष. काकू : अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं त्याच करतात. बाकी चौघांचं जसं येईल तसं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

वेळ किती ठेवायचा, यावर आज बसले. इंग्लंडमधल्या जवळजवळ वीस हजार लोकांच्या माहितीवर २०१९ मध्ये एक अभ्यास आला होता. आठवड्याला निदान १२० मिनिटं झाडापाण्यात घालवणारे लोक आपली तब्येत आणि मन बरं असल्याचं जास्त प्रमाणात सांगत होते. ते दोन तास एकदम घेतले काय आणि तुकड्यातुकड्यांनी घेतले काय, फरक दिसला नाही. हा अभ्यास एका वेळची पाहणी आहे, हे विसरून चालणार नाही. ज्याला मुळात बरं वाटतं तोच बाहेर पडतो, असंही त्यातून निघू शकतं. पण आमच्यासारख्यांना सुरुवात करायला आकडा सोयीचा आहे.

त्याच वर्षी अमेरिकेतला एक छोटा अभ्यास झाला. ३६ शहरी माणसं, आठ आठवडे. आठवड्यातून तीनदा, निदान दहा मिनिटं, आपल्या सोयीच्या जागी आणि सोयीच्या वेळी बाहेर जायचं. फोन नाही, वाचन नाही, गप्पा नाहीत, धावणंबिवणं नाही. आधी आणि नंतर लाळेतलं कॉर्टिसॉल मोजलं. ताण आला की शरीरात वाढतं ते हे द्रव्य, आणि दिवस चढतो तसं ते आपोआपही उतरत जातं. ती उतरण वजा करूनही घट दिसली, आणि वेळेच्या हिशेबात सगळ्यात जास्त फायदा २० ते ३० मिनिटांच्या बसण्यात मिळाला.

म्हणून आमचं असं ठरलं : रविवारी पहाटे मेहरूणला दीड-दोन तास. मधल्या दिवसांत जमेल तेव्हा वीस मिनिटं, जिथे असाल तिथल्या झाडाखाली.

लाळ तपासायची सोय आमच्याकडे नाही. शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या ताणाच्या मोजपट्टीचा दहा प्रश्नांचा प्रकार वापरेन. गुण शून्य ते चाळीस, जास्त गुण म्हणजे जास्त ताण. नऊ जणांवरून सिद्ध काही होणार नाही. मला फक्त माझ्या डोळ्यांना खोटं पाडणारं काहीतरी हाताशी हवं आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी साडेसहा. थंडी अजून आहे. सगळे नऊ आले. तलावाजवळ एक म्हातारी मेहरूणची बोरं घेऊन बसली होती. शेवटची बोरं, जरा मऊ पडलेली. काकूंनी पावशेर घेतली आणि सगळ्यांच्या हातावर चार-चार ठेवली. ओळख करून द्यायची मी काय काय तयारी केली होती, ती बोरांनीच करून टाकली.

प्रश्नांचा कागद भरताना आप्पा थांबले. पेन खाली ठेवून म्हणाले, "मी ते रोज वावरमाच ऱ्हास, ताई. आखो कोठला निसर्ग?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच आहे. जो माणूस पहाटे पाचला ठिबकचा कॉक फिरवायला जातो आणि अंधार पडल्यावर घरी येतो, त्याला मी झाडाखाली बस म्हणून सांगणार. आणि तरी त्याचे गुण या नऊ जणांत सगळ्यात वरचे आहेत.

२ मार्च, रविवार

दोन रविवार वाया गेले, आणि चूक माझी. मी एक तक्ता केला होता. दहा मिनिटं श्वास, दहा मिनिटं डोळे मिटून आवाज ऐकणं, मग पाच गोष्टी बघून लिहून काढणं, मग गोल करून बोलणं. शिट्टी तेवढी आणली नव्हती. मास्तर मधेच घड्याळाकडे बघत होते. पोरग्याने पाच गोष्टी पटपट लिहिल्या आणि विचारलं, "मॅडम, बरोबर आहेत का?" त्या प्रश्नाने मी भानावर आले. मी परीक्षा घेत होते.

आज तक्ता आणलाच नाही. सांगितलं : बसा, चाला, पडा. फोन माझ्या पिशवीत. साडेआठला मी हाक मारेन.

मास्तर निंबाखाली गमछा टाकून आडवे झाले आणि पाच मिनिटांत घोरायला लागले. पहिल्यांदा मला वाईट वाटलं, एवढ्या लांबून येऊन झोपायचं म्हणजे काय. मग आठवलं, त्यांनी अर्जात काय लिहिलं होतं : "गाडीचा आवाज झोपेतही कानात असतो." झोपू दिलं.

९ मार्च, रविवार

पोरग्याबद्दल लिहायला हवं. हा अभ्यासिकेत दिवसाला बारा तास बसतो. डोळ्यांखाली काळं, बोलताना पाय सतत हलतो. आज तो पाण्याच्या अगदी कडेला उकिडवा बसला होता आणि पाय हलत नव्हता. मी मागे जाऊन उभी राहिले. समोर टिबुकली होती, छोटासा पाणपक्षी. ती बुडी मारायची आणि पाण्यावर नुसतं वर्तुळ उरायचं. पोरगा पुटपुटत मोजायचा. सतरा, अठरा, एकोणीस. मग ती भलतीकडेच, काठच्या झुडपाशी वर यायची, पिसं कोरडी असल्यासारखी. तो मान वळवून शोधायचा, सापडली की पुन्हा शून्यापासून. असा तो पाऊण तास बसला.

"कुठे निघेल ते कळतच नाही," एवढंच म्हणाला.

याला मानसशास्त्रात एक नीट मांडणी आहे. मिशिगन विद्यापीठातले रेचल आणि स्टीफन कॅपलान हे नवरा-बायको. त्यांचं म्हणणं असं की, अभ्यास, हिशेब, रहदारी यांसाठी लागणारं लक्ष आपण ओढून आणतो आणि बाकीचं दाबून धरतो. हे दाबून धरणं थकवतं. थकलं की माणूस चिडतो, चुकतो, एकच ओळ चारदा वाचतो. त्याउलट, वाहतं पाणी, हलणारी पानं, बुडी मारणारा पक्षी यांच्याकडे लक्ष आपणहून जातं. ओढावं लागत नाही, आणि ते इतकं जोरकसही नसतं की दुसरं काही मनात येऊच नये. तेवढ्या वेळात ओढून आणायचं लक्ष विसावतं. फोनही लक्ष आपणहून खेचतो, पण तो खेचतो आणि सोडत नाही. टिबुकली सोडते.

२००८ मध्ये त्याच विद्यापीठात प्रयोग झाला. झाडांच्या बागेतून चालून आलेल्यांना आकडे उलट्या क्रमाने सांगणं जास्त जमलं. शहराच्या रस्त्यांवरून चालून आलेल्यांना तेवढं जमलं नाही. मला त्यातला एक बारकावा फार आवडतो. जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत चालणाऱ्यांना ते चालणं काही आवडलं नव्हतं, तरी फायदा झाला. म्हणजे मजा यायलाच हवी असं नाही. आपल्याकडे एप्रिल-मे आहेतच, तेव्हा हे लक्षात ठेवायचं.

१६ मार्च

होळीनंतरचा रविवार. चारच जण आले. तलावाकाठी प्लॅस्टिकचे ग्लास आणि रंग. दोन तास नुसतं उचलत बसलो. शांत वगैरे काही वाटलं नाही, पण चौघंही थांबले.

२३ मार्च, रविवार : पाल

पहाटे साडेचारला भाड्याच्या गाडीने निघालो. भुसावळ, सावदा, रावेर आणि तिथून सातपुड्यात पाल. काकू येऊ शकल्या नाहीत.

उजाडल्यावर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी. आप्पा खिडकीशी होते आणि त्यांचं तोंड बंद नव्हतं. ही बाग करप्याने गेली. याने टेकू दिले नाहीत, वाऱ्यात झोपेल. ह्याचं खत जास्त झालंय, पानं बघा. ही व्यापाऱ्याने बघून ठेवली असणार. प्रत्येक बागेचा हिशेब. मग केळी संपल्या, चढ लागला, साग आणि सालई सुरू झाल्या आणि आप्पा गप्प झाले. रागाने किंवा कंटाळून नव्हे. मी त्यांच्या खांद्यांकडे बघत होते, ते खाली आले होते.

यावल अभयारण्याचा हा भाग. सगळं मिळून सुमारे १७५ चौरस किलोमीटर. मार्चमध्ये सागाची पानं गळून खाली कडक झालेली, पायाखाली पापडासारखी मोडतात. मधेमधे पळस, एक पान नाही, नुसता पेटलेला. सुकी नदीच्या पात्रात थोडंसं पाणी होतं. तिथे बसलो.

पोरग्याच्या फोनला रेंज नव्हती. पहिला अर्धा तास तो उंच दगड शोधत फिरला. मग फोन बुटात ठेवून पाय पाण्यात सोडून बसला.

एक गोष्ट मात्र मला घरी आल्यावरही सुटत नाहीये. मोहाखाली एक पावरा आदिवासी बाई फुलं वेचत होती, सोबत दोन पोरी. फुलं रात्रभर, पहाटेपर्यंत गळतात, म्हणून त्या अंधारातच आलेल्या. जमिनीवर मेणासारखी पिवळट, रसाने फुगलेली फुलं, गोड उग्र वास. सिस्टर हरखून म्हणाल्या, "किती छान वाटतं हो तुमच्याकडे!" बाई हसली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "वेचून बघा." सिस्टर खरंच बसल्या. पंधरा मिनिटांत कंबर धरून उठल्या.

तेच झाड, तोच वास. तिला ती पाटी भरायची आहे, आम्हाला नाही. आप्पांनी पहिल्या दिवशी विचारलेला प्रश्न हाच होता.

२६ मार्च, बुधवार

आप्पा माझ्याकडे आले होते. बसले, चहा घेतला आणि आपणहून म्हणाले, "तठे माले कोनी काही मांगत नही, ताई."

मी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. तिथे माझ्याकडे कुणी काही मागत नाही.

मग त्यांनी समजावून सांगितलं. वावरात गेलं की पान पिवळं दिसतं, म्हणजे फवारणी. पान हिरवं दिसतं, म्हणजे पाणी आज नाही तर उद्या. घड चांगला दिसला तर भाव पडेल का. आभाळ आलं तर वारा येईल का. सुंदर दिसणारी प्रत्येक गोष्ट काहीतरी मागतेच. जंगलातल्या सागाला त्यांनी पाणी द्यायचं नाही, कापायचं नाही, त्यावर कर्ज काढलेलं नाही.

कॅपलान दांपत्याने मन विसावायला लागणाऱ्या चार गोष्टी सांगितल्या आहेत, आणि त्यातली पहिली म्हणजे रोजच्या मागण्यांपासून दूर असणं. मी ते कितीदा वाचलंय आणि दरवेळी 'दूर' म्हणजे किलोमीटर समजले. हे अंतर कामापासूनचं आहे. गावाबाहेर शंभर फुटांवरही ते सापडू शकतं, आणि स्वतःच्या हिरव्यागार बागेत उभं राहूनही सापडत नाही. शेतकऱ्याला काय कमी, तो तर निसर्गातच असतो, असं आपण शहरातले किती सहज बोलून जातो. यापुढे माझ्या तोंडून ते निघणार नाही.

आप्पांना म्हटलं, पाल रोज कसं जमेल? गावातच अशी जागा शोधा की जिथे तुमचं काही नाही. "बघस," म्हणाले.

६ एप्रिल, रविवार

वेळ बदलला. आता पावणेसहा. साडेसातनंतर ऊन डोक्यात शिरतं. निंबाला मोहोर आलाय, बारीक पांढरा, मास्तरांच्या अंगावर दर रविवारी सडा. वास मधासारखा, पण जरा कडवट. आता येताना सगळ्यांनी पाण्याची बाटली आणि डोक्याला बांधायला बागायती रुमाल आणायचाच, हा एकच नियम.

१३ एप्रिल, रविवार

सिस्टर रात्रपाळी करून थेट आल्या. बोलायला लागल्या ते वॉर्डातल्या खिडक्यांबद्दल. त्यांच्या वॉर्डात दोन खाटांवरून बाहेरचा निंब दिसतो, बाकीच्यांना समोरची भिंत आणि एसीचे डबे. "ती खाट मिळेल का, असं लोक विचारतात. आम्हाला वाटायचं वाऱ्यासाठी."

मी त्यांना रॉजर उलरिच यांचं काम सांगितलं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात १९७२ ते १९८१ या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्यांच्या नोंदी त्यांनी काढल्या आणि सारख्याला सारखे असे रुग्ण जुळवून २३ जोड्या केल्या. जोडीतल्या एकाला खिडकीतून झाडं दिसायची, दुसऱ्याला विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरी थोडे लवकर घरी गेले, आणि वेदनाशामक औषधांचे जोरदार डोस त्यांना कमी लागले. हे १९८४ मध्ये छापून आलं. दवाखाने बांधणाऱ्यांनी जगभर त्यावर विचार केला.

सिस्टर बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "रुग्णाचं ठीक आहे. आमची खुर्ची पण भिंतीकडेच तोंड करून आहे."

आता त्या सकाळी सहाला पाळी संपली की लगेच घरी जात नाहीत. चहाचा ग्लास घेऊन आवारातल्या त्या निंबाच्या पारावर वीस मिनिटं बसतात. पूर्वी घरी जाऊन पडलं की डोळ्यांपुढे मॉनिटरच्या रेषा चालायच्या. आता कमी चालतात. बंद झाल्यात असं त्या म्हणत नाहीत, आणि मीही म्हणणार नाही.

३० एप्रिल, बुधवार : आखाजी

आप्पांच्या घरी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बोलावणं होतं. ओसरीवर घागर मांडलेली, तिच्यावर डांगर. पुरणपोळी, आमरस, कुरडया. वर्षभरासाठी ठेवलेल्या सालदाराचं जुनं साल आज संपलं, नव्याची बोलणी सकाळीच झालेली.

काकूही आल्या! त्यांच्या सासूबाईंजवळ सिस्टर अर्धा दिवस बसल्या. सुट्टी सिस्टरांची होती आणि ती त्यांनी अशी दिली.

गावाबाहेर मोठ्या निंबाला झोका बांधला होता. माहेरी आलेल्या लेकी, नव्या-जुन्या, सगळ्या तिथे. एक झोक्यावर, दोघी झोका द्यायला आणि बाकीच्या गाणी म्हणत. गाण्यांत सासरचं सगळं. सासू, नणंद, पाणी भरणं, दळण, न येणारा भाऊ. रडायचं ते सूर लावून म्हणतात आणि मधेच खदखदून हसतात. मी लहानपणापासून आखाजी बघत आले, पण आज वेगळ्या डोळ्यांनी बघितली. लेकीला माहेरी कुणी काम सांगत नाही, हे या सणाचं मर्म. एक झाड, थोडी सावली, आपल्यासारख्या चारचौघी आणि 'उठ' म्हणणारं कुणी नाही. जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये 'शिनरिन-योकू' हा शब्द काढला, जंगलाचं स्नान. आमच्या आज्यांनी वर्षाचे चार दिवस निंबाखाली राखून ठेवले होते.

काकू झोक्यावर बसायला तयार नव्हत्या. "आता काय वय आहे का." दोघींनी धरून बसवलं. पहिले दोन हेलकावे त्यांनी दोर गच्च धरला होता, बोटांची पेरं पांढरी. तिसऱ्याला पाय आपोआप लांब झाले. पदर उडाला, तो सावरायला त्यांनी हात सोडला नाही. उतरल्यावर दहा मिनिटं निंबाच्या बुंध्याला टेकून बसल्या आणि मग घड्याळ बघितलं.

८ मे, गुरुवार

संध्याकाळी वादळ. आधी धूळ, मग वारा, मग दहा मिनिटं पाऊस. घरातली वीज गेली. मला एकच दिसत होतं. आप्पांची मृगबाग, म्हणजे मृगात लावलेली केळी, घड पोसलेले, कापणी पंधरा दिवसांवर.

९ मे

आप्पांच्या शेतावर जाऊन आले. सांगण्यासारखं फार नाही. खोडं मधून मोडलेली, घड मातीत, पानांच्या चिंध्या. आप्पा बांधावर उभे होते. तलाठी पंचनाम्याला येणार म्हणून मुलगा फोनवर होता.

११ मे, रविवार

आप्पा मेहरूणला आले. मला वाटलं नव्हतं. पाण्याकडे बघत बसले. मी शेजारी बसले, आणि काही वेळाने सरळच विचारलं : आप्पा, जीव द्यावा असे विचार येतात का?

असं विचारलं तर विचार डोक्यात घातल्यासारखं होईल, असं लोकांना वाटतं. तसं होत नाही. विचारलं की माणसाला बोलायला वाट मिळते. आप्पांनी होकाराची मान हलवली. "येतस."

तलाव, निंब, टिबुकली यांचं इथे काम नाही, हे मी स्वच्छ लिहून ठेवते. झाडाखाली बसणं हा ताण हलका करायचा आधार आहे, आजाराचा उपचार नाही. आप्पांच्या मुलाला फोन केला. घरातली फवारणीची औषधं शेजारच्या भावकीत कुलपात ठेवायला सांगितली, एकट्याला सोडू नका म्हटलं. टेली-मानस या मनाच्या मदतीच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दोघांच्या फोनमध्ये घालून दिला. सरकारी आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालतो.

१२ मे

सकाळी सरकारी दवाखान्यात मानसोपचार डॉक्टरांकडे तिघंही गेलो. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी पुढची तारीख दिली आणि आप्पांना विचारलं, रविवारचं जाणं चालू आहे ना? बंद करू नका.

१८ मे आणि २५ मे

दोन्ही रविवार गरम. उपस्थिती पाच आणि सहा. आप्पा दोन्ही वेळा आले. झोप थोडी सुधारली आहे. पोरग्याने त्यांना टिबुकली मोजायला शिकवलं.

पोरग्याचं एक निरीक्षण : "घरी गेलो की तेच तेच फिरतं डोक्यात. इथून गेल्यावर दोन तास फिरत नाही." २०१५ चा स्टॅनफर्डमधला अभ्यास याच्याशी जुळतो. ३८ माणसं, काहींना दीड तास गवत-झाडांतून चालवलं, काहींना वाहत्या हमरस्त्याच्या कडेने. झाडांतून आलेल्यांचं मनातल्या मनात रवंथ करणं कमी झालं, आणि अशा उगाळण्याशी जोडलेल्या मेंदूच्या एका भागाची हालचालही मंदावली. पोरग्याला हे सांगितलं तर म्हणाला, "मग अभ्यासिकेच्या गच्चीवर जायला पाहिजे मधेमधे." तिथून वडाचा शेंडा दिसतो म्हणे.

१ जून, रविवार

संध्याकाळी आप्पांच्या गावी गेले होते, औषधं नीट चाललीत का बघायला. घरी नव्हते. मुलगा म्हणाला, "नदीकडच्या बांधावर असतील, रोज सहाला तिकडेच जातात." वाट त्यांच्याच शेतातून. मोडलेली खोडं आता काढून टाकलेली, जमीन मोकळी.

बांधाच्या टोकाला बाभळीखाली आप्पा बसले होते. मला वाटलं मी मागून येतेय, पण आधी पाठ दिसली नाही, तोंड दिसलं. म्हणजे मी शेताच्या बाजूने नव्हे, चुकून पायवाटेने नदीकडून वर चढले होते. ते शेताकडे पाठ करून बसले होते. समोर गिरणेचं कोरडं पात्र, वाळू, मधे एक डबकं, त्यात दोन बगळे. मागे त्यांचं सगळं आयुष्य.

मला बघून सरकले, जागा करून दिली. बाभळीच्या शेंगांवर बसू नका म्हणाले. बराच वेळ आम्ही बगळ्यांकडे बघत होतो. एक बगळा पाय उचलून तसाच उभा राहिला, इतका वेळ की मला वाटलं विसरला.

"शोधी काढी जागा," आप्पा म्हणाले.

१५ जून, रविवार

शेवटची ठरलेली तारीख. रात्री पाऊस झाला आणि पहाटेही भुरभुर. निंबाखाली चिखल, मास्तरांनी दोन प्लॅस्टिकची पोती आणली होती. आज ते झोपले नाहीत, पावसाचा वास घेत बसले.

मोजपट्टी पुन्हा भरून घेतली. सहा जणांचे गुण उतरलेत, दोघांचे जवळजवळ तेवढेच, एकाचे वाढलेत. ज्याचे वाढलेत त्याची नोकरी मार्चमध्ये गेली. आप्पांचे उतरलेत, पण ते गोळ्यांनी, मुलाने, की बाभळीने, हे मला वेगळं काढता येणार नाही आणि काढायचंही नाही.

आप्पा आले नाहीत. त्यांचा कागद मी काल घरी जाऊन भरून आणला. आज सकाळी सहाला त्यांचा फोन : "ताई, वल चांगली शे. कपाशी लावी ऱ्हायनू." ओल चांगली होती, कपाशीची लावणी चालू होती. मागे बायकांचे आवाज आणि कुणीतरी दोरी सरळ धरा म्हणून ओरडत होतं. संध्याकाळी बांधावर जाणार का, विचारलं. "जासू ना."

प्रकल्प संपला तरी रविवार चालू ठेवायचा, असं आठ जणांनी परस्पर ठरवून टाकलं होतं, मला आज कळलं. काकूंसाठी पाळी लावली आहे, दर रविवारी कुणीतरी एक त्यांच्या घरी बसेल. पहिली पाळी पोरग्याची. सिस्टरांना जुलैत दोन रविवार रात्रपाळी आहे, म्हणून त्या आठवड्यांत बुधवारी संध्याकाळी सहाला पारावर भेटायचं. बॅटरी आणि डासांची उदबत्ती मी नेणार आहे.